वितरित डेटाबेसची संहिता : वाचन, बांधणी आणि कसोटी

१

एखादी आज्ञावली मुक्तस्रोत आहे असे म्हटले की तिच्याविषयीच्या विश्वासाचा प्रश्न मिटला, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात सर्रास आढळते. संहिता सर्वांसमोर आहे. ज्याला शंका असेल त्याने ती वाचून पाहावी. दोष असलाच तर तो कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडेलच, असा हा युक्तिवाद असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु अपुरा आहे, आणि ज्या आज्ञावलीचे कार्य एका संगणकावर संपत नाही तिच्या बाबतीत तर फारच अपुरा आहे. वितरित डेटाबेस हा या वर्गात मोडतो. अनेक संगणकांनी मिळून एकच माहितीसाठा सांभाळावा, त्यांपैकी एखादा बंद पडला तरी काम थांबू नये, आणि एकदा स्वीकारलेली नोंद हरवू नये, हे त्याचे वचन असते. ते वचन संहितेच्या कोणत्याही एका पानावर सापडत नाही. अनेक यंत्रांच्या परस्परव्यवहारातून ते पाळले जाते किंवा मोडले जाते.

म्हणून अशा आज्ञावलीच्या मुक्ततेचा विचार तीन पायऱ्यांनी करावा लागतो. संहिता वाचता येते काय, ही पहिली पायरी. त्या संहितेपासून वाचकाला स्वतःच्या यंत्रावर चालणारी आज्ञावली बांधता येते काय, ही दुसरी. आणि बांधलेली आज्ञावली अनेक संगणकांवर चालवून, त्यांत मुद्दाम बिघाड घडवून, तिचे वचन पारखता येते काय, ही तिसरी. पहिल्या पायरीवर पोचलेला अभ्यासक बहुधा तिसऱ्या पायरीचे निष्कर्ष काढून मोकळा होतो. हा दोष शोधनिबंधांतही दिसतो. प्रस्तुत लेखात अपाची कॅसँड्रा या वितरित डेटाबेसच्या आधारे या तीन पायऱ्यांतील अंतर तपासावयाचे आहे.

२

कॅसँड्राची निवड सकारण आहे. तिच्या पूर्वजांचे केवळ वर्णन उपलब्ध झाले, संहिता नव्हे. गूगलने २००६ मध्ये 'बिगटेबल'विषयी आणि अमेझॉनने २००७ मध्ये 'डायनॅमो'विषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले. दोन्ही निबंध या क्षेत्रात प्रमाणभूत ठरले. परंतु ज्या प्रणालींचे ते वर्णन करीत होते त्या प्रणाली त्या त्या कंपनीच्या भिंतीआडच राहिल्या. डायनॅमोच्या निबंधाचे एक सहलेखक अविनाश लक्ष्मण यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासह कॅसँड्रा रचली. संदेशपेटीतील शोधासाठी तयार झालेली ही आज्ञावली जुलै २००८ मध्ये संहितेसह खुली झाली. २००९ मध्ये ती अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या उमेदवारीच्या टप्प्यात गेली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या संस्थेचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाली. माहितीची वाटणी डायनॅमोच्या पद्धतीने आणि साठवण बिगटेबलच्या पद्धतीने, असा तिचा स्थूल आराखडा आहे. दोन बंद ग्रंथांच्या सारांशावरून रचलेला हा तिसरा ग्रंथ उघडा होता, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

वर्णन आणि संहिता यांत किती अंतर पडते, हेही या उदाहरणात स्पष्ट दिसते. डायनॅमोमध्ये एकाच नोंदीच्या दोन विसंगत आवृत्त्या निर्माण झाल्यास 'व्हेक्टर क्लॉक' या साधनाने त्या ओळखून दोन्ही जपल्या जात आणि निवाडा वापरणाऱ्या आज्ञावलीवर सोपवला जाई. कॅसँड्राने हे साधन घेतले नाही. तिने लेखनाच्या वेळेची मुद्रा पाहून नंतरची नोंद ग्राह्य धरण्याचा सोपा नियम पत्करला. लक्ष्मण आणि मलिक यांच्या स्वतःच्या निबंधात नोडांचा नेता निवडण्यासाठी 'झूकीपर' ही वेगळी प्रणाली वापरल्याचे म्हटले आहे. अपाचीच्या संहितेत मात्र झूकीपर नाही. तेव्हा निबंध वाचून कॅसँड्राविषयी लिहिणारा आणि संहिता वाचून लिहिणारा हे दोघे वेगवेगळ्या ग्रंथांविषयी लिहीत असतात. पहिल्या पायरीचे मोल येथे कळते. वर्णनापेक्षा संहिता केव्हाही अधिक प्रमाण. मात्र प्रश्न येथे संपत नाही.

३

संहिता हाती आली म्हणजे आज्ञावली हाती आली असे नाही. कॅसँड्राची संहिता मुख्यतः जावा भाषेत आहे. गिटच्या भांडारातून ती उतरवून घ्यावी, जावाचा विकाससंच यंत्रावर बसवावा आणि 'अँट' हे बांधणीचे साधन चालवावे, एवढीच वरवर पाहता कृती आहे. सर्व सुरळीत झाले तर काही मिनिटांत 'बिल्ड' नावाच्या कप्प्यात जार फाइल तयार होते. परंतु या छोट्या कृतीत बरेच काही दडलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की कोणत्या जावाने बांधावयाचे हा प्रश्न संहितेबाहेरचा नाही. ४·१ या आवृत्तीला जावा ८ आणि ११ चालतात. ५·० या सप्टेंबर २०२४ च्या आवृत्तीला ११ आणि १७ लागतात, आणि ८ चालत नाही. बांधणीच्या फाइलीतच ही तपासणी असून न चालणारा जावा दिसताच काम थांबते. 'कॅसँड्रावर प्रयोग केला' असे लिहिणाऱ्याने आवृत्ती न सांगणे म्हणजे कोणत्या प्रतीवरून उतारा घेतला हे न सांगण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, डोळ्यांना दिसणारी सर्व संहिता माणसाने लिहिलेली नसते आणि माणसाने लिहिलेली सर्व संहिता त्याच भांडारात नसते. कॅसँड्राच्या प्रश्नभाषेचे, म्हणजे सीक्यूएलचे, पदच्छेद करणारे जावातील वर्ग हे अँटलर या साधनाने व्याकरणाच्या फाइलींपासून बांधणीच्या वेळी निर्माण होतात. उलट बाजूने, अनेक साहाय्यक ग्रंथालये मेव्हनच्या सार्वजनिक भांडारातून तयार बांधलेल्या स्वरूपात उतरतात. त्यांची संहिता अन्यत्र उपलब्ध असते. पण या बांधणीत ती बांधली जात नाही. 'सोर्स कोडपासून बांधले' हे विधान म्हणून एका थरापुरते खरे असते. त्याखाली जावाचे यंत्र, त्याखाली कार्यप्रणाली, आणि या सर्वांना यंत्रभाषेत आणणारे कंपायलर असतात. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच मुद्दा टोकाला नेऊन दाखविला. कंपायलरमध्येच घातक भाग लपविला आणि त्या कंपायलरने स्वतःची नवी प्रत बांधतानाही तो भाग पुढे नेला, तर संहिता कितीही वाचली तरी त्याचा मागमूस लागणार नाही. स्वतः न रचलेल्या आज्ञावलीवर निव्वळ संहितावाचनाने विश्वास ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा केवळ तात्त्विक धोका नाही, हे मार्च २०२४ मध्ये जगासमोर आले. 'एक्सझेड' या माहिती आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५·६·० आणि ५·६·१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. त्याचा घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडविला होता. तो जागृत करणारी बांधणीची ओळ मात्र गिटच्या भांडारात नव्हती, वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होती. भांडारातील संहिता वाचणाऱ्याला जी आज्ञावली दिसत होती आणि गठ्ठ्यातून जी बांधली जात होती, त्या दोन निराळ्या होत्या. हा प्रकार उघडकीस आणला तो पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी. कार्यवेग मोजण्याच्या कामात असताना दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्या धाग्यावरून ते मुळापर्यंत पोचले. सुगावा लागला तो चालत्या यंत्राच्या निरीक्षणातून. संहितावाचन त्यानंतर आले.

मुक्ततेच्या व्याख्या या बाबतीत सारख्या सावध नाहीत. १९९१ च्या जीएनयू परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीने संपूर्ण सोर्स कोड म्हणजे काय हे सांगताना बांधणी व स्थापना नियंत्रित करणाऱ्या फाइलींचाही त्यात समावेश केला. बांधणीची कृती नसलेली संहिता त्या परवान्याच्या दृष्टीने खंडित संहिता होय. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येचा भर निराळा आहे. फेरफार करण्यास सोयीच्या रूपात संहिता मिळावी, असे ती म्हणते. त्या संहितेतून आज्ञावली खरोखर बांधली जाते काय, याची कसोटी ती लावीत नाही.

या पार्श्वभूमीवर अपाची फाउंडेशनचा एक नियम विशेष लक्षणीय आहे. संस्थेच्या लेखी अधिकृत प्रकाशन होते ते सोर्स कोडच्या गठ्ठ्याचे. बांधून तयार केलेल्या फाइली या केवळ वाचकाच्या सोयीसाठी. प्रकाशनास प्रकल्प समितीच्या किमान तीन सभासदांची अनुकूल मते लागतात. हे मत देण्यापूर्वी प्रत्येकाने स्वाक्षरीसह गठ्ठा स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतला पाहिजे, स्वाक्षरी पडताळली पाहिजे, संहिता बांधली पाहिजे आणि बांधलेली आज्ञावली चालवून पाहिली पाहिजे, असे बंधन आहे. दुसऱ्या पायरीचे महत्त्व ओळखून तिला संस्थात्मक विधीचे रूप देण्याचे हे उत्तम उदाहरण होय. एका माणसाच्या सद्भावनेवर विसंबण्याऐवजी तीन स्वतंत्र साक्षी येथे मागितल्या जातात. याबाबत कॅसँड्राच्या पाठीशी असलेली शिस्त वाखाणण्याजोगी आहे.

४

आता तिसरी पायरी. बांधणी झाल्यावर कॅसँड्रा सुरू करणे सोपे आहे, आणि सारा घोटाळा नेमका या सोपेपणात आहे. सोबत आलेल्या मांडणीच्या फाइलीत क्लस्टरचे नाव 'टेस्ट क्लस्टर' असे भरलेले असते, संपर्काचा पहिला पत्ता त्याच यंत्राचा असतो आणि प्रवेशासाठी परवलीचा शब्द विचारला जात नाही. आज्ञा देताच एक नोड उभा राहतो. 'नोडटूल'ला स्थिती विचारली की तो सुरू असून सुस्थितीत असल्याचे कळते. विद्यार्थी एक तक्ता निर्माण करतो, चार ओळी घालतो, त्या परत मिळवितो, आणि 'कॅसँड्रा चालविली' अशी नोंद करतो.

वस्तुतः त्याने कॅसँड्राचा जो भाग चालविला तो तिच्या वैशिष्ट्याचा नव्हे. एका नोडावर चालणारी कॅसँड्रा ही अनेक नोडांवर चालणाऱ्या कॅसँड्राची लहान आवृत्ती आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. याचा दाखला मांडणीच्या फाइलीतच आहे. नोंद प्रथम कमिट लॉगमध्ये लिहिली जाते. पण मूळच्या मांडणीप्रमाणे तो लॉग डिस्कवर पक्का करण्याचे काम दर दहा सेकंदांनी होते, आणि 'नोंद स्वीकारली' हा निरोप मात्र त्यापूर्वीच जातो. मधल्या काळात वीज गेली तर स्वीकारलेली नोंद नाहीशी होऊ शकते. रचनाकारांनी हे अनवधानाने केलेले नाही. तीच नोंद त्याच वेळी दुसऱ्या दोन यंत्रांवरही पोचलेली असेल आणि तिन्ही एकाच क्षणी बंद पडणार नाहीत, हे त्यामागचे गृहीत आहे. नोंदीचा टिकाऊपणा येथे डिस्कवर कमी आणि शेजाऱ्यांवर अधिक अवलंबून ठेवलेला आहे. शेजारीच नसतील तर हे गृहीत कोसळते. तथापि आज्ञावली काही तक्रार करीत नाही.

म्हणून किमान तीन नोड उभे करणे भाग आहे. लिनक्सवर एकाच संगणकात १२७·०·०·१, १२७·०·०·२ आणि १२७·०·०·३ अशा तीन पत्त्यांवर तीन नोड चालविता येतात. 'सीसीएम' नावाचे छोटे साधन हे काम सुकर करते. या लहानशा मांडणीतही खूप काही शिकता येते. प्रत्येक ओळीची एकच प्रत ठेवण्यास सांगून एक नोड बंद केला, तर जवळजवळ एक तृतीयांश ओळी मिळेनाशा होतात. वितरण आणि सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळतो. तीन प्रती ठेवल्या आणि वाचताना व लिहिताना दोन्ही वेळा गणपूर्तीची, म्हणजे दोन प्रतींच्या होकाराची अट घातली, तर एक नोड बंद असतानाही काम चालते. आणि दोन अधिक दोन हे तीनांपेक्षा जास्त असल्यामुळे वाचनाच्या व लेखनाच्या गटांत निदान एक नोड समाईक राहतो. हीच अट एका प्रतीवर आणली की वेग वाढतो, पण नुकतेच लिहिलेले वाचणाऱ्याला दिसेलच याची शाश्वती उरत नाही. सीक्यूएलच्या सोबत आलेल्या कवचात आपण होऊन काही न सांगितल्यास एका प्रतीची अटच लागू असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याहून गंभीर बाब खोडण्याची आहे. कॅसँड्रामध्ये ओळ खोडली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. 'खोडली' अशी एक खूण, टूमस्टोन, लिहिली जाते. मूळच्या मांडणीत ही खूण ८,६४,००० सेकंद, म्हणजे दहा दिवस जपली जाते. त्यानंतर फाइलींचे एकत्रीकरण होताना ती खूण आणि मूळ ओळ दोन्ही नाहीशी होतात. एखादा नोड बंद असेल तर त्याच्यासाठीचे निरोप इतर नोड राखून ठेवतात, परंतु तेही मूळ मांडणीत तीन तासांपुरतेच. आता एक नोड तीन तासांहून अधिक बंद राहिला, त्या अवधीत एक ओळ खोडली गेली, आणि दहा दिवस उलटून खूण पुसली गेल्यावर तो नोड परतला, तर काय होईल? त्याच्यापाशी जुनी ओळ शाबूत आहे. इतरांपाशी ना ओळ ना खूण. प्रती जुळविण्याच्या पुढच्या प्रसंगी ती जुनी ओळ नवी समजून सर्वत्र पसरते. खोडलेली माहिती परत येते. रुग्णाची नोंद असो, खातेदाराची असो किंवा विद्यार्थ्याच्या गुणांची असो, या 'पुनर्जन्मा'चा अर्थ व्यवहारात काय होतो हे सांगावयास नको. नियमाने 'रिपेअर' चालवावा हा यावरील उपाय दस्तऐवजात दिलेला आहे. परंतु तो का आवश्यक आहे हे ज्याने एकदा खुणेची मुदत मुद्दाम कमी करून, नोड बंद करून, प्रत्यक्ष पाहिले त्यालाच तो खऱ्या अर्थाने कळतो.

तीन नोडांच्या या मांडणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकाच संगणकातील तिन्ही नोडांना वीज एक, डिस्क एक आणि घड्याळही एक. वीज गेल्याने होणारी हानी अथवा घड्याळांतील तफावत तीत दिसणार नाही. ज्या बिघाडांसाठी वितरण योजले, त्यांपैकी काही त्या मांडणीत संभवतच नाहीत.

५

घड्याळांचा उल्लेख ओघाने आला. परंतु कॅसँड्राच्या टीकेचा गाभा तेथेच आहे. प्रतींमध्ये मतभेद झाला की काय ग्राह्य मानावे, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच प्रश्नाशी झुंजून. तेथे संपादकांनी हस्तलिखितांची परंपरा तपासून जास्तीत जास्त प्राचीन पाठापर्यंत पोचण्याचा प्रयत्न केला आणि न स्वीकारलेले पाठभेद तळटीपांत जपले. कॅसँड्राचा न्याय याच्या उलट आहे. तेथे सर्वांत अलीकडचा पाठ ग्राह्य, आणि हरलेला पाठ टाकाऊ. त्याची तळटीप राहत नाही. दोघांची उद्दिष्टे भिन्न असल्यामुळे यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की 'अलीकडचा' कोणता हे ठरवावयाचे कसे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले आहे की एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांतील घटनांचा क्रम केवळ त्यांच्या घड्याळांवरून निश्चित करता येत नाही. ज्या यंत्राचे घड्याळ पुढे आहे त्याचा पाठ, तो आधी लिहिला असला तरी, कॅसँड्रात जिंकू शकतो.

आणि दोन कालमुद्रा अगदी समान निघाल्या तर? संहितेत याचे उत्तर स्पष्ट लिहिलेले आहे. दोहोंपैकी एक खोडल्याची खूण असेल तर ती जिंकते. एरवी ज्या मूल्याचा क्रम मोठा ते जिंकते. नियम निश्चित आहे, सर्व नोड त्याच निष्कर्षावर येतात, म्हणून वाचणाऱ्याला तो निर्दोष वाटतो. परंतु हा निवाडा ओळीचा नव्हे, ओळीतील प्रत्येक घराचा स्वतंत्रपणे होतो. एका ग्राहकाने एकाच ओळीत १ आणि ९ ही मूल्ये लिहिली, दुसऱ्याने त्याच क्षणाची मुद्रा घेऊन २ आणि ८ लिहिली, तर शिल्लक राहतात २ आणि ९. ही ओळ दोघांपैकी कोणीच लिहिलेली नाही. पाठचिकित्सेत ज्याला मिश्र पाठ म्हणतात तोच हा. काइल किंग्सबरी यांनी २०१३ मध्ये 'जेप्सन' या तपासणीमालेत कॅसँड्राचे अनेक नोड चालवून, त्यांवर एकाच वेळी लेखन करवून, हा परिणाम उघड केला. एका ओळीतील लेखन परस्परांत मिसळत नाही, असा दावा त्या वेळी केला जात असे. त्याच तपासणीत, २·० या आवृत्तीत नव्याने आलेल्या, पॅक्सॉस पद्धतीवर आधारलेल्या सशर्त लेखनातील दोषही समोर आला आणि पुढे दुरुस्त झाला.

येथे एक बाब नीट लक्षात घेतली पाहिजे. मिश्र पाठाचे कारण असलेला नियम संहितेत दडलेला नव्हता. कोणालाही तो वाचता येत होता. नियम वाचणे आणि अनेक नोडांच्या एकाच वेळच्या व्यवहारात त्याचा परिणाम काय होतो हे जाणणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर चालवून पाहिल्याशिवाय सहसा ओलांडता येत नाही. त्याच वेळी हेही खरे की संहिता खुली नसती आणि वाटेल त्याला वाटेल तितके नोड उभे करण्याची मुभा नसती, तर बाहेरच्या परीक्षकाला दोषाचे मूळ कारण दाखविणे फार अवघड गेले असते. मुक्ततेने दोष टाळला नाही; तिने दोष सिद्ध करणे शक्य केले. मुक्ततेचे खरे श्रेय एवढेच आणि ते थोडे नाही.

६

तिसरी पायरी संपूर्णपणे वाचकावर सोपवावी काय? याला दुसऱ्या एका डेटाबेसने वेगळे उत्तर दिले. फाउंडेशनडीबी हा आरंभी बंद संहितेचा, पण उतरवून घेता येणारा डेटाबेस होता. मार्च २०१५ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि उतरवून घेण्याची सोय बंद झाली. ज्यांनी त्यावर आपली कामे उभारली होती त्यांच्यापाशी जुन्या बांधीव फाइली उरल्या. संहिता नव्हती, म्हणून दोष दुरुस्त करण्याचा किंवा नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधण्याचा मार्गही नव्हता. बांधणीचा अधिकार नसणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. एप्रिल २०१८ मध्ये तीच संहिता अपाची परवान्याखाली खुली झाली, तेव्हा तिच्यासोबत एक महत्त्वाची वस्तू बाहेर आली. ती म्हणजे तिचा सिम्युलेटर. अनेक नोड, त्यांमधील जाळे, डिस्क आणि घड्याळे यांचे संपूर्ण नाट्य हा सिम्युलेटर एकाच प्रक्रियेत उभे करतो, त्यांत यादृच्छिक बिघाड घडवितो, आणि आरंभीचा अंक तोच दिला तर घटनांचा क्रमही तोच ठेवतो. एकदा दिसलेला दोष त्यामुळे पुन्हा हुकमी घडविता येतो. कसोटी येथे संहितेचाच भाग झालेली आहे.

कॅसँड्राच्या संहितेतही ४·१ पासून अशा प्रकारचा सिम्युलेटर आला आहे. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु सिम्युलेटर बिघाडांची जी कल्पना करतो तीही शेवटी रचनाकाराचीच कल्पना असते. त्याच्या ध्यानात न आलेला बिघाड त्यात घडणार नाही. यासाठी बाहेरच्या परीक्षकाची गरज उरतेच.

उलट दिशेने, संहिता दिसत राहूनही मुक्तता कमी होऊ शकते. कॉक्रोचडीबी हा डेटाबेस अपाची परवान्याखाली वाढला. २०१९ मध्ये त्याच्या मुख्य भागाला असा परवाना लागू झाला की तीन वर्षे लोटेपर्यंत त्या आवृत्तीची व्यापारी डेटाबेससेवा इतरांना चालविता येऊ नये. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या आवृत्त्या कंपनीच्या स्वतःच्या परवान्याखाली आल्या. संहिता आजही वाचता येते. पहिली पायरी शाबूत, पण पुढच्या पायऱ्यांवरचा हक्क सशर्त, अशी ही स्थिती आहे. कंपनीची व्यापारी अडचण समजण्यासारखी आहे. तथापि 'संहिता दिसते' आणि 'संहिता मुक्त आहे' या दोन विधानांत गल्लत करणे अभ्यासकाला शोभत नाही.

७

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक विभागापाशी इतकी यंत्रे नसतात, प्रत्येक विद्यार्थ्यापाशी इतका वेळ नसतो. बांधून ठेवलेली आज्ञावली वापरण्यात गैर ते काय? गैर काहीच नाही. रोजच्या वापरासाठी सर्वांनी बांधणी करावी असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु वापरणारा आणि विधान करणारा यांची जबाबदारी सारखी नसते. एखादा डेटाबेस वेगवान आहे, सुरक्षित आहे, दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असे जो प्रबंधात लिहितो त्याने ते विधान कोणत्या पायरीवर उभे राहून केले हे सांगितले पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. संहितेची नेमकी कमिट-ओळख, जावाची आवृत्ती, मांडणीच्या फाइलीतील मूळपासून बदललेल्या नोंदी, नोडांची व प्रतींची संख्या, वाचन-लेखनाला लावलेली होकाराची अट, घडविलेले बिघाड आणि न घडविलेले बिघाड, एवढे अर्ध्या पानात मावते. यांतील शेवटची बाब बहुधा गाळली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जो बिघाड घडवून पाहिला नाही त्याविषयी मौन पाळणे हा संशोधनातील प्रामाणिकपणाचा भाग होय.

या कसोटीवर कॅसँड्राचे मूल्यमापन करावयाचे तर असे म्हणता येईल. तिची संहिता वाचनीय आहे, परवाना निःसंदिग्ध आहे, आणि तिच्या बांधणीमागे तीन साक्षींची शिस्त उभी आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर तिने वाचकाला दिलेले स्वातंत्र्य पूर्ण आहे. तिसऱ्या पायरीवर मात्र तिची मूळ मांडणी वाचकाची दिशाभूल करण्याची शक्यता फार. एका नोडावर ती इतक्या निमूटपणे चालते की ज्या गृहीतांवर तिचे वचन आधारलेले आहे ती गृहीते तेथे नाहीतच, हे ती कळू देत नाही. एकाकी नोडावर टिकाऊपणाची हमी अपुरी आहे, अथवा एका प्रतीची अट लागू आहे, एवढी सूचना सुरू होतानाच देणे काही अवघड नव्हते.

संहिता खुली करणारा अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे त्या संहितेतून पुन्हा आज्ञावली घडवून तिची परीक्षा घेणाऱ्यांचे असते. विद्यापीठांचे काम या दुसऱ्या अर्ध्यात आहे. व्यापारी संस्थेला जो बिघाड मुद्दाम घडविण्यास सवड नसते, तो घडवून पाहण्याची मोकळीक प्रयोगशाळेला असते. ती मोकळीक न वापरता केवळ संहितेच्या खुलेपणाचा गौरव करीत राहणे म्हणजे ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करण्यासारखेच आहे.